न फाडलेली पत्रं

बाहेरख्याली माणसाला शेजारीपाजारी पकडून देत नाहीत, कागद पकडून देतो. डोमिनिकन-अमेरिकन लेखक जुनो दियाझच्या कथा वाचताना तरी मला हेच वाटत राहतं. ‘धिस इज हाऊ यू लूज हर’ हा त्याचा २०१२ सालचा संग्रह. त्यात नऊ कथा आहेत आणि बहुतेकींचा नायक युनियर: डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला, न्यू जर्सीत वाढलेला, हुशार, पुस्तकं वाचणारा आणि बायकांच्या बाबतीत पार वाया गेलेला. पहिल्याच कथेत त्याच्या मैत्रिणीच्या, माग्दाच्या, हातात एक पत्र पडतं. युनियरचं जिच्याशी लफडं होतं तिनंच ते लिहिलेलं, तेही लफडं संपून काही महिने झाल्यावर, बारीकसारीक तपशिलांसकट. दुसऱ्या एका कथेत आल्मा या मैत्रिणीला त्याची डायरी सापडते. तिनं ती पुढ्यात धरल्यावर हा गडी म्हणतो, अगं, हा तर माझ्या कादंबरीचा भाग आहे!

शेवटच्या कथेत तर कहर आहे. होणाऱ्या बायकोला त्याच्या ई-मेलमध्ये सगळं सापडतं. सगळं म्हणजे सहा वर्षांत पन्नास बायका. आणि सापडतं कुठे, तर ई-मेलच्या कचरापेटीत. मेल पुसले की झालं, असं समजून गृहस्थानं ती पेटी कधी रिकामीच केली नव्हती. हे वाचल्यावर मी गुपचूप स्वतःची कचरापेटी उघडून पाहिली. विजेची बिलं, सेलच्या जाहिराती आणि सोसायटीच्या मीटिंगच्या नोटिसा निघाल्या. खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं.

पण प्रश्न राहतोच. पन्नास जणींना मेल लिहिण्याचा ज्याला कंटाळा नाही, त्याला एक बटण दाबायचा कंटाळा का यावा? निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येईल. मला मात्र वाटतं, युनियर ज्या घरात वाढला त्या घरात लिहिलेलं काही टाकून द्यायची रीतच नसावी. बाप परदेशात आणि बायको-मुलं मागे, अशा घराला पत्र म्हणजे बाप जिवंत असल्याचा पुरावा. ट्रुहियोच्या हुकूमशाहीत, म्हणजे १९३० ते १९६१, डोमिनिकन माणसाला साधा पासपोर्ट मिळणं मुश्किल होतं. १९६१ मध्ये ट्रुहियोला गोळ्या घातल्या गेल्या, १९६५ मध्ये यादवी झाली, अमेरिकी सैन्य उतरलं, आणि मग लोकांची रीघ न्यूयॉर्ककडे लागली. आधी एकटा जातो, पैसे साठवतो, बाकीच्यांना नंतर नेतो. हे ‘नंतर’ किती लांबेल याचा भरवसा नसे. दियाझच्या १९९६ सालच्या पहिल्या संग्रहात युनियरचा बाप असाच जातो, तिकडे दुसरं लग्न करतो, तिच्यापासून मुलगाही होतो. इकडची बायको पत्राची वाट बघत बसलेली.

अशा दुसऱ्या बाईचं काय, हा प्रश्न २०१२च्या संग्रहातल्या एकाच कथेत धसाला लागतो, आणि नऊ कथांत बाईच्या तोंडून सांगितलेली तेवढीच एक. यास्मिन हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते. रक्ताचे डाग पडलेल्या चादरी वेगळ्या काढायच्या आणि यंत्रात घालायच्या. तिचा रामोन घर घ्यायच्या खटपटीत आहे. त्याची लग्नाची बायको विर्ता मायदेशात आहे, त्यांचा मुलगा वारलेला आहे. विर्ताची पत्रं येतात आणि यास्मिन ती वाचते. मी तुझ्या लेखी कधीपासून उरले नाही, असं विचारणारं पत्र ज्या बाईनं वाचायला नको, नेमकी तीच वाचते. त्या पत्रांवर ती चिडत नाही, रडतही नाही. विर्ताशी मनातल्या मनात तिचं जे काही चालतं, त्याला मत्सर म्हणणं फार उथळ होईल. अख्ख्या संग्रहात मला हीच कथा सगळ्यांत मोठी वाटते. युनियरचं रडगाणं तिच्यापुढे जरा पोरकट वाटू लागतं.

कागदाशिवायही कळतं म्हणा. पहिल्या संग्रहातल्या एका कथेत बापानं नवी कोरी फोक्सवॅगन घेतलीय आणि युनियरला तिच्यात बसलं की ओकारी येते. त्याच बापानं पोरांना आपल्या पोर्तो रिकन बाईच्या घरी नेलेलं आहे. घरी नातेवाइकांची पार्टी. मावशी पोराला बाजूला घेऊन विचारते, घरी कसं काय चाललंय? पोरगं तोंड उघडत नाही. त्याचं पोट मात्र गाडीत बसल्याबरोबर सगळं सांगून टाकतं.

यातल्या बऱ्याच गोष्टी घडतात त्या न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत. एडिसनही त्याच काउंटीत, ओक ट्री रोडचं, जिथे आपली माणसं चकलीची भाजणी आणि मोदकांचे साचे शोधत फिरतात. दियाझच्या एका कथेचं नावच ‘एडिसन, न्यू जर्सी’ आहे. तिचा नायक श्रीमंतांच्या घरी पूल टेबलं, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाची टेबलं, पोचवतो. आपल्याकडे एच-वनबी, घरकर्ज आणि गणेशोत्सव यांवर चिकार लिहिलं जातं. तिकडच्या मराठी घरांतल्या लफड्यांवर मात्र चिडीचूप. लफडी नसतील असं थोडंच आहे.

डोमिनिकन-अमेरिकन लेखिका अँजी क्रूझच्या २०१९च्या ‘डोमिनिकाना’ कादंबरीत तर घराचा पायाच खोट्या कागदाचा. पंधरा वर्षांच्या आनाचं लग्न तिच्या दुप्पट वयाच्या हुआनशी होतं आणि ती १९६५च्या १ जानेवारीला न्यूयॉर्कला पोचते. कागदोपत्री ती एकोणीस वर्षांची! आईचा हिशेब सरळ आहे: पोरगी गेली की तिच्यामागून अख्खं कुटुंब जाईल. नवरा हात उगारतो, त्याचं बाहेरही चालू आहे. पुढे तो कामासाठी मायदेशी जातो आणि आना त्याच्या भावात, सेझारमध्ये, गुंतते. ती पैसे साठवते ते एका पोकळ चिनीमातीच्या बाहुलीत. इथे नवऱ्याशी प्रतारणा बायको करते आणि वाचक निर्लज्जपणे तिच्या बाजूनं उभा राहतो. मी तरी राहिलो.

पुन्हा युनियरकडे येतो, कारण त्याच्या शेवटच्या कथेतली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. लग्न मोडल्यावर ती बाई सापडलेल्या सगळ्या मेलच्या आणि फोटोंच्या प्रती एका फोल्डरमध्ये लावते आणि त्याला पोस्टानं धाडते. सोबत चिठ्ठी: तुझ्या पुढच्या पुस्तकासाठी. तो ते फोल्डर पलंगाखाली सारतो, कित्येक वर्षांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि लिहायला बसतो. समीक्षकांना इथे पश्चात्ताप वगैरे दिसत असेल. मला ही फार सोयीची तडजोड वाटते: बाई गेली, पुस्तक आलं. तिनं ते भेट म्हणून पाठवलं की टोमणा म्हणून, हे त्याला कळलंय का कोण जाणे. मला विचाराल तर टोमणाच. पन्नास जणींचे मेल पुढ्यात घेऊन ती बसली तेव्हा ते तिनं तारखेनं लावले की नावानं, कुठला एक मेल मुद्दाम वर ठेवला, हे तिच्या तोंडून सांगणारी दहावी कथा कुणी लिहिली तर मी रांगेत पहिला असेन.