निळ्या कॅमेऱ्याची लेन्स एरर: दोष वाळूचा नाही, फ्लेक्स केबलचा

सापडला! काल रात्री पावणेबाराला मल्टिमीटरवरचे १४ ओहम डोळ्यांदेखत नाहीसे झाले आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. माझा निळा डिजिटल कॅमेरा लेन्स बाहेर काढून तीन बीप देतो आणि ती पुन्हा आत घेतो. दोन महिने छळणाऱ्या त्या बीपचा उगम कळला. आधी ते सांगतो, दुसऱ्या, काळ्या कॅमेऱ्याची खबर शेवटी.

निळा आत्तेबहिणीने तारकर्लीला वापरलेला, त्यामुळे मी सुरुवातीपासून वाळूच्या मागे होतो. गेल्या दोन भागांत लिहिल्याप्रमाणे बॅरल (लेन्सची नळी) उघडून ब्लोअरने कण काढले, दातेरी चाकं लूपखाली (भिंगाखाली) एकेक दात करून तपासली, लेन्सची मूळ जागा ओळखणारा प्रकाश-सेन्सर (फोटो-इंटरप्टर) आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसला. त्यानंतर दोन दिवस छान चालला, की पुन्हा लेन्स बाहेर, टीं-टीं-टीं, लेन्स आत.

मग एक वही घेतली. चाळीस वेळा चालू-बंद करून एरर नेमकी कुठे येते ते टिपलं. वाइडला (झूम न करता) एकदाही नाही. झूम अर्ध्याच्या पुढे गेला की मात्र जवळजवळ दर वेळी. इथेच वाळूवरचा माझा विश्वास उडाला. अडकलेला कण जागा बदलतो. आज चाकात, उद्या खाचेत. रोज त्याच टप्प्यावर अडवणारी गोष्ट लेन्सबरोबर हलणारी, पण बांधलेली हवी. म्हणजे शटर आणि आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) यांना बोर्डाशी जोडणारी फ्लेक्स, म्हणजे पातळ, वाकणारी पट्टी-केबल.

पण फ्लेक्स तर मी पहिल्याच महिन्यात तपासून ‘ठीक’ म्हटली होती! सगळ्या लाइनची कन्टिन्युइटी (तार अखंड असल्याची खूण) आली होती. चूक अशी झाली, की ती सगळी मापं लेन्स मिटलेली असताना घेतली होती. टेलीला (झूम पूर्ण केल्यावर) काचांचा दुसरा गट पुढे सरकतो तेव्हा फ्लेक्सची घडी उलगडते आणि ताण नेमका तिथेच येतो.

म्हणून काल फ्लेक्स बोर्डापासून सोडवली. (झिफचं, म्हणजे फ्लेक्स ज्यात बसते त्या कनेक्टरचं, काळं झाकण नखाने उचला, लोखंडी टोकाने नको. एक झाकण गेलं की कनेक्टरच बदलावा लागतो.) मीटरच्या टोकांना शिवणकामाच्या सुया डाग देऊन जोडल्या, कारण साधी टोकं दोन पॅडना एकदम टेकतात. आयएस कॉइलच्या दोन पॅडवर सुया धरल्या आणि झूम मोटरला एकच पेन्सिल सेल लावला. दीड व्होल्टवर मोटर सावकाश फिरते, बघायला वेळ मिळतो. मिटलेली: १४ ओहम. वाइड: १४ ओहम. अर्ध्याच्या थोडं पुढे आकडा थरथरला आणि ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखी. सेल उलटा लावून लेन्स आत घेतली, पुन्हा १४. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. इतकं स्वच्छ उत्तर मला या छंदात क्वचितच मिळालं आहे.

लूपखाली घडीवर केसासारखी रेघ दिसते. तांबं तिथेच चिरलंय, ताण आला की उघडतं, सैल पडलं की मिटतं. वरचं आवरण खरवडून बारीक एनॅमल वायरने जोड देता येईल, पण जोड घडीवरच येईल. डाग दिलेली जागा कडक होते, आणि ही जागा प्रत्येक झूमला वाकते. शंभरेक फोटोंत तुटेल. तो मार्ग बाद.

डोनर, म्हणजे सुटे भाग काढायला घेतलेला कॅमेरा, आहे. रविवारी जुन्या बाजारात ३०० रुपयांना त्याच मॉडेलचा मिळाला, लेन्समध्ये बुरशी, पण झूम सुरळीत. बेत असा होता, की त्याचं अख्खं लेन्स युनिट निळ्यात घालायचं आणि पुढच्या काचा बदलायच्या. लिहिता लिहिता मात्र वाटतंय, नको. सेन्सर लेन्स युनिटच्या मागे तीन स्क्रूंवर बसलेला असतो आणि त्याचा कोन कारखान्यात लावलेला असतो. निळ्याची काच आणि सेन्सरची जुळणी चांगली आहे. एका कोपऱ्यातही मऊपणा नाही. ती का मोडायची? फक्त शटर-आयएसचा गट फ्लेक्ससकट काढून निळ्यात बसवायचा. काम वाढेल, कारण तीन रिंगांच्या खाचा पुन्हा जुळवाव्या लागतील, पण सेन्सरला हात लागणार नाही. ठरलं, हेच. उघडण्याआधी रिंगांवर सुईने खुणा करीन.

फ्लॅश कपॅसिटरबद्दल नवीन आलेल्यांसाठी पुन्हा: बॅटरी काढली तरी त्यात ३०० व्होल्टच्या आसपास राहतात. १ किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून पाचपर्यंत आकडे मोजा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

आणि स्क्रूड्रायव्हर जेआयएसचाच (जपानी मानकाच्या टोकाचा) घ्या. जपानी कॅमेऱ्यांच्या बारीक स्क्रूंवर फिलिप्स (नेहमीचा चौफुलीचा) घसरतो आणि डोकं खातो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मला एका दुकानात चांगला मिळाला. आयपीए मात्र शेजारच्या दुकानातून घेतलं, बाटलीवर ९९ टक्के लिहिलंय, पण काचेवर पांढुरका डाग राहतो. आता आरशावर एक थेंब वाळवून बघतो, डाग राहिला तर ते फक्त विजेचे संपर्क पुसण्यासाठी.

काळ्याची खबर छोटी, पण गोड. उन्हातले फोटो पांढरेफटक येत होते, कारण शटरच्या पात्यांवर तेल चढलं होतं. पाती सुटी करून पुसली, कोरडीच बसवली. दुपारी गच्चीवरून पर्वती टिपली, आकाश निळं आलं.

डोनर आज संध्याकाळी उघडतोय. आधी त्याच्या फ्लेक्सचीही झूम करता करता मापं घेणार. तीही तशीच चिरलेली असेल तर वेगळा डोनर शोधावा लागेल, त्यामुळे कुणाकडे या मॉडेलचा मेलेला बोर्ड आणि चालू लेन्स असेल तर कळवा.