फेटा नव्हे, कबालक

छायाचित्र-संग्रहात नोंदी करणं हे माझं काम. पहिल्या महायुद्धातला एक फोटो एका कुटुंबाकडून आला होता. पाठीमागे पेन्सिलीनं ‘भारतीय सैनिक, मेसोपोटेमिया’ (म्हणजे आजचा इराक) एवढंच लिहिलेलं. मधोमध बंदूक घेऊन उभा असलेला मिशीवाला जवान म्हणजे आपले पणजोबा, अशी घरातली समजूत. फेट्यावरून त्यांची पलटण ओळखता येईल का, असं त्यांनी विचारलं होतं.

स्कॅन मोठा करून पाहिला आणि फेटाच खटकला. कापडाचे थर दिसत होते, पण ते डोक्याच्या गोलाईवर बसलेले नव्हते. आत काहीतरी ताठ असावं तसा मधे उंचवटा आणि पुढे-मागे उतरते काठ. हे कबालक. वेताच्या सांगाड्यावर कापडाची लांब पट्टी गुंडाळून केलेलं, ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या उस्मानी म्हणजे तुर्की फौजेचं शिरस्त्राण. युद्धमंत्री एन्व्हर पाशाच्या नावावरून त्याला एन्व्हेरियेही म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला तो फेटाच वाटतो.

नुसत्या डोक्याकडे बघून निकाल देणं मला पटत नाही. म्हणून नजर खाली नेली. ली-एन्फिल्ड बंदुकीत घोड्याच्या पुढे काडतुसांची पेटी खाली डोकावते. इथं लाकूड सपाट होतं, म्हणजे माउझर. कमरेला बकलच्या दोन्ही बाजूंना जर्मन धर्तीच्या तीन-तीन कप्प्यांच्या चामडी थैल्या. पायावरच्या पट्ट्यांचा मात्र उपयोग नाही, त्या दोन्ही फौजा वापरत. खुर्चीवरच्या अधिकाऱ्याची टोपी काळी दिसत होती, पण त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत, त्यांतल्या बऱ्याच काचांवर लाल रंगही काळाच उमटे, त्यामुळे लाल फेझ (तुर्की टोपी) असती तरी तशीच दिसली असती. पोत पाहिला तेव्हा कोकराच्या लोकरीचे बारीक कुरळे दिसले. कल्पाक, म्हणजे लोकरी टोपी! उस्मानी अधिकारीच.

मग मागची रांग पाहिली आणि हात थांबला. तिथं तिघांच्या डोक्यावर खरे फेटे होते, सैल, मळके, प्रत्येकाचा पीळ वेगळा. एकाच्या फेट्यातून आतल्या कुल्ल्याचं, म्हणजे ज्या निमुळत्या टोपीभोवती फेटा बांधतात तिचं, टोक वर आलेलं. हातात शस्त्र नाही, कमरेला पट्टा नाही. म्हणजे फोटोच्या पाठीवरची नोंद अर्धी खरी होती. भारतीय सैनिक फोटोत होते, पण कैदी म्हणून. पुढचे बंदूकवाले त्यांचे पहारेकरी.

कुटुंबाला फोन केला. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पणतीनं विचारलं, “मग मागच्यांपैकी कोणी आमचे असतील का?” मी सांगितलं, कुल्ला बहुधा पंजाबी मुसलमान किंवा पठाण जवानाचा, बाकी दोघांबद्दल खात्रीनं काही म्हणता येणार नाही. शिवाय एकाच पलटणीत वेगवेगळ्या समाजांच्या कंपन्या असत, त्यामुळे फेटा माणसाचा समाज सुचवतो, पलटण नाही. तिला पेन्शनची कागदपत्रं आणि पदकाच्या कडेवर कोरलेलं नाव शोधायला सांगितलं. ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर सैनिकाचं नाव आणि पलटण असते.

29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातलं कुत-अल-अमारा हे ब्रिटिशांच्या ताब्यातलं गाव उस्मानी फौजेच्या हाती पडलं तेव्हा सुमारे 13,000 जण कैद झाले, त्यांत भारतीयच जास्त. हा फोटो तिथलाच, असं लिहायचा मोह सहकाऱ्यांना झाला. मी ठाम नकार दिला, कारण फोटोत कुतची एकही खूण नाही. नोंद अशी केली: ‘उस्मानी सैनिक व अधिकारी, मागे निःशस्त्र भारतीय युद्धकैदी, मेसोपोटेमिया (पाठीवरील मजकुरानुसार)’.