गणिताच्या पीएचडीसाठी इथिक्स कमिटीची परवानगी : माझा अनुभव

गणितात पीएचडी करणाऱ्यालाही रुग्णालयाच्या इथिक्स कमिटीकडे, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या समितीकडे, अर्ज करावा लागू शकतो. असा अर्ज आमच्या विभागात कुणी आधी केलेला नव्हता. विचारायला माणूसच नव्हता. म्हणून हे लिहून ठेवतेय, कारण आता गणित आणि इंजिनीअरिंगची बरीच मुलं आरोग्याच्या विषयांकडे वळतायत आणि त्यातली निम्मी इथेच अडकणार आहेत. कुठल्याही संस्थेचं नाव घेत नाही. पण राग अजून गेलेला नाही, तोही लपवत नाही.

माझा विषय डेंग्यूचा प्रसार. साथीच्या गणिताचा पाया घालणारा कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा शोधनिबंध वाचला, तेव्हा त्यातला एक आलेख पाहून मी थांबलेच. त्यांनी आपलं समीकरण ताडून पाहिलं होतं ते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंवर, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या साप्ताहिक आकड्यांवर. जगभर शिकवलं जाणारं गणित आपल्या मुंबईच्या आकड्यांवर उभं राहिलं आणि आज त्याच महाराष्ट्रातल्या साथीचे आकडे मिळवताना दमछाक होते, हे मला फार लागलं.

डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून तर नगरपालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. नळाला रोज पाणी येत नसेल तर घरोघरी पिंप भरलेली असणारच. तेव्हा साथ कशी पसरते हे मांडणाऱ्या माझ्या गणिती मॉडेलमध्ये पाऊस आणि तापमानाबरोबर पाणीपुरवठ्याचं वेळापत्रकही हवं होतं. ते सिव्हिल इंजिनीअरिंगच्या एका प्राध्यापकांनी मिळवून दिलं, अगदी आनंदाने. कोर्सवर्क, सिनॉप्सिस, संशोधन सल्लागार समिती, सगळं रीतसर झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते रुग्णांच्या आकड्यांपाशी. मला नावं नको होती, पत्ते नको होते. कोणत्या आठवड्यात, कोणत्या भागातून, कोणत्या वयोगटातले किती जण डेंग्यूच्या एनएस-१ किंवा आयजीएम या रक्तचाचणीत पॉझिटिव्ह आले, एवढंच हवं होतं. ते सगळं एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात केसपेपरच्या गठ्ठ्यांमध्ये पडून होतं. रेकॉर्ड विभागाने सांगितलं, इथिक्स कमिटीचं पत्र आणा. त्यांचं बरोबरच होतं.

मग सुरू झालं कमिटीचं ऑफिस. त्यांचा फॉर्म औषधांच्या चाचण्यांसाठी बनवलेला. औषधाचं नाव, मात्रा, दुष्परिणाम झाल्यास भरपाई, विम्याचा तपशील. मी प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं. फाईल परत आली.

“मॅडम, फॉर्म अपूर्ण आहे. औषध कुठलं देणार ते लिहिलंच नाही.”

“औषध द्यायचंच नाहीये, भाऊ. जुने केसपेपर बघायचेत.”

“मग आमच्याकडे कशाला आलात?”

“तुमच्या पत्राशिवाय रेकॉर्ड मिळत नाही.”

“ते तर मिळणारच नाही.”

हे संभाषण थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा झालं. त्या क्लार्कचा दोष नाही, त्यांच्यापुढे एकच फॉर्म होता. मला चीड आहे ती त्या फॉर्मवर वर्षानुवर्षं सह्या करणाऱ्यांची, ज्यांना दुसरा फॉर्म करावासा वाटला नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं अगदी स्पष्ट आहेत. त्यांत तपासणीचे तीन प्रकार आहेत : सूट, जलद तपासणी आणि पूर्ण कमिटीची तपासणी. सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरचं काम सूट मिळण्यात बसतं. ओळख पटणार नाही अशा नोंदींवरचं काम जलद तपासणीत बसतं, त्यासाठी सगळी कमिटी जमवायची गरजच नसते. माझं काम सरळ या दुसऱ्या प्रकारातलं. मी ते पान झेरॉक्स करून, ओळी अधोरेखित करून जोडलं. उत्तर आलं, आमच्याकडे सगळे प्रस्ताव पूर्ण कमिटीपुढेच जातात.

पुढची मागणी संमतीपत्राची. प्रत्येक रुग्णाची मराठीतून सही. आता दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी ताप येऊन बरा होऊन गेलेला माणूस मी कुठून शोधू? आणि शोधायचा तर त्याचं नाव-पत्ता आधी माझ्या हाती द्यावा लागेल, म्हणजे ज्या गोपनीयतेसाठी संमती मागायची ती त्यातच संपली. अशा मागच्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते, तीही त्याच तत्त्वांमध्ये लिहिलेली आहे. पण ती सूट अर्जदाराने वेगळ्या पत्राने, कारणासह मागावी लागते. आपण होऊन कुणी देत नाही. हे पत्र पहिल्याच फाईलमध्ये घाला. विषयातच ‘जलद तपासणी व संमतीतून सूट मिळण्याबाबत’ असं लिहा.

अजून एक राहिलं, ते आधीच सांगायला हवं होतं : अर्ज एकट्या गणितवाल्याच्या नावाने करू नका. आमच्या कमिटीला सहसंशोधक म्हणून त्याच रुग्णालयातला डॉक्टर हवा होता. मला पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागातल्या एका मॅडम मिळाल्या. त्यांनी माझा प्रस्ताव एका संध्याकाळी वाचला आणि वाचून विचारलं, “अगं, पहिल्या पाच दिवसांत आलेला पेशंट आणि नंतर आलेला पेशंट, दोघांची चाचणी वेगळी असते, ते समीकरणात कुठे आहे?” एनएस-१ तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडतं, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. त्या एका प्रश्नाने मॉडेलला उशिराने येणाऱ्या रुग्णांचा वेगळा गट मिळाला. डॉक्टर सहसंशोधक शोधताना फक्त सही देणारा शोधू नका, वाचणारा शोधा.

आणि मग कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी. माझा प्रस्ताव अजेंड्यावर आला, बैठकीची तारीख आली आणि बैठक रद्द झाली. पुढची तारीखही तशीच गेली. नियम असा की निदान पाच सदस्य हजर हवेत आणि त्यांत संस्थेबाहेरचा माणूसही हवा. कमिटीचा अध्यक्षही बाहेरचाच असावा लागतो. हा नियम उत्तम आहे, आणि त्यामागे फार वाईट इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला खटला चालला आणि १९४७ मध्ये त्यातून माणसांवरच्या प्रयोगांसाठीची संहिता आली. १९६४ मध्ये वैद्यकीय संशोधनातल्या नीतीचा हेलसिंकीचा जाहीरनामा आला. माणसांवर संशोधन करणाऱ्याने आपल्याच लोकांकडून परवानगी घेऊन मोकळं होऊ नये, हे जगाने फार किंमत देऊन शिकलेलं आहे. म्हणूनच बैठक होत नाही याचा मला जास्त संताप येत होता. बाहेरचे सदस्य महत्त्वाचे आहेत, तर त्यांना महिनाभर आधी विचारून तारीख ठरवा. आदल्या दिवशी फोन करून वकील आणि समाजशास्त्रज्ञ येतील अशी अपेक्षा कशी करायची? इकडे पावसाळा संपून गेला. शिष्यवृत्तीचे महिने काही कोरमसाठी थांबत नाहीत.

मी दर आठवड्याला जाऊन बसत होते. शेवटी माझ्या गाईडनी कमिटीच्या मेंबर सेक्रेटरींना लेखी विचारलं की पुढची तारीख कोणती आणि ती आम्हाला कधी कळेल. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर द्यावं लागतं, फाईलला क्रमांक पडतो, जावक होते. तोंडी चौकशीला असलं काही होत नाही. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

बैठक झाली, तेव्हा मात्र मला समाधान वाटलं. सर्वसामान्य नागरिक म्हणून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. डॉक्टर मंडळी सांख्यिकीबद्दल विचारत होती. बाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही गाव, आठवडा आणि वय लिहिणार. आमच्यासारख्या लहान वाडीत त्या आठवड्यात नऊ वर्षांची एकच मुलगी आजारी असेल, तर नाव लिहिलं नाही तरी सगळ्या वाडीला कळेल ना?” खोलीत सगळ्यांना पटलं. तिथल्या तिथे ठरलं : गावाऐवजी तालुका, वयाचे रुंद गट आणि तक्त्यातल्या एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी रुग्ण आले तर ती शेजारच्या चौकटीत मिसळायची. मी घरी येऊन चाचणीसाठी तयार केलेल्या कृत्रिम आकड्यांवर तपासलं. तालुक्याच्या पातळीवरही साथीचा चढ आणि उतार व्यवस्थित पकडता येत होता. असा प्रश्न विचारणारी व्यक्ती कमिटीत असावी म्हणून मी आणखी एक बैठक रद्द झालेली सोसली असती.

एक मुद्दा परदेशी सहकार्याचा निघाला, कारण प्रस्तावात युरोपातल्या एका गणितज्ञाचं नाव होतं. आरोग्य-संशोधनात परदेशी संस्था असेल तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जावं लागतं. आणि ते योग्यच आहे, आपल्या लोकांची माहिती देशाबाहेर कुठल्या अटींवर जाते हा दोन देशांमधला प्रश्न आहे, दोन प्राध्यापकांमधला नाही. आम्ही ते सहकार्य या प्रस्तावातून पूर्ण वगळलं आणि तसं प्रतिज्ञापत्र दिलं. कच्ची माहिती इथेच राहील. त्या सरांशी माझी चर्चा होते ती कागदावरच्या समीकरणांच्या सिद्धतेबद्दल. तुमचं सहकार्य खरोखर माहितीवर अवलंबून असेल, तर ती वेगळी परवानगी धरूनच वर्षाचं नियोजन करा.

मंजुरीपत्र हातात आलं तेव्हा मी ते तिथेच उभं राहून दोनदा वाचलं. तुम्हीही वाचा. त्यावर प्रस्तावाची आवृत्ती आणि तारीख लिहिलेली असते, ती आपल्या फाईलशी जुळायला हवी. प्रबंध सादर करताना विद्यापीठ हे पत्र मागतं, नियतकालिकंही मागतात. मंजुरी कधीपर्यंतची आहे तेही बघा, काम लांबलं तर प्रगती अहवाल देऊन ती वाढवून घ्यावी लागते. आणि रेकॉर्ड विभागात जाताना पत्राच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या न्या, एक ते ठेवून घेतात, आणि शिफ्ट बदलली की नवीन माणूस पुन्हा मागतो.