आबाजींची तेरवी

आज आबाजींची तेरवी झाली. ओसरीत त्यांचा सरता, बी पेरायची नळी, अजून खुंटीलाच आहे.

२००२ मध्ये कापसाचं बीटी बियाणं आलं, त्याआधी सरकी घरचीच. पेरणीआधी आबाजी ती शेणमातीत चोळून सावलीत वाळवत. तसं नाही केलं तर सरकीची लव एकमेकींत गुंतते, सरत्यात गोळा अडकतो अन् पेरणीच्या ओळीत खंड पडतो. पुढे हातानं बी टोचत डोबणी करत बसा!

वेचणी दव सुकल्यावरच. ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळ्या गाठोड्यात. (बोलणं कमी, पण वजनकाट्यावर नजर पक्की.)

एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, ती १९७२ ची. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं यायचा, त्यातच चार पोरींची लग्नं निभावली. सगळ्या पावत्या तारखेवार पेटीत आहेत. किल्ली आता आजीच्या पदराला.