आमची वाटचाल : हातात मावणाऱ्या ध्वनिमुद्रकावर उभे राहिलेले काम

साताऱ्यात आमचे ध्वनिमुद्रणाचे छोटे काम आहे. आमच्याकडे स्टुडिओ नाही आणि तो काढण्याचा विचारही आम्ही कधी केला नाही. देऊळ असो, सभागृह असो, एखाद्या घराची पडवी असो किंवा वारीची वाट असो, गिऱ्हाईक जिथे बोलावील तिथे जाऊन तिथला आवाज टिपायचा आणि तो ऐकण्याजोगा करून द्यायचा, एवढाच आमचा धंदा. कीर्तने, व्याख्याने, संगीत नाटकांचे प्रयोग, भजनी मंडळांचे कार्यक्रम आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ही आमची नेहमीची कामे. ही सारी कामे हातात मावणाऱ्या डिजिटल ध्वनिमुद्रकाच्या भरवशावर चालत आली आहेत. हे यंत्र घेऊ इच्छिणारे पुष्कळ जण आमच्याकडे सल्ला मागायला येतात, म्हणून त्याच्या गुणांबरोबर त्याच्या उणिवाही इथे मांडतो.

आमची सुरुवात कॅसेटच्या अखेरच्या काळातली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी बदलावी लागे आणि नेमका त्याच वेळी पूर्वरंग संपवून बुवा आख्यानाला हात घालत असत. डॅट, म्हणजे फितीवर डिजिटल आवाज टिपणारी यंत्रे, 1987पासून बाजारात होती आणि त्यांचा आवाज उत्तम होता. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह झाला, त्यातले कितीतरी ध्वनिमुद्रण डॅटवरचेच आहे. परंतु ते यंत्र आणि त्याच्या फिती आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. मिनीडिस्क, म्हणजे डबीतली डिजिटल तबकडी, लहान आणि सोयीची होती, पण ती जागा वाचवायला आवाजातला काही तपशील गाळत असे, आणि बहुतेक मिनीडिस्क यंत्रांवरून तो संगणकात घ्यायचा तर तीन तासांचे ध्वनिमुद्रण तीन तास पुन्हा वाजवावे लागे.

2010 साली आम्ही झूम या जपानी कंपनीचा एच-फोर-एन हा ध्वनिमुद्रक घेतला आणि आमच्या कामाची रीतच बदलली. वरच्या बाजूला दोन माइक, त्यांचा कोन 90 किंवा 120 अंशांचा करता येई. खाली बाहेरचे दोन माइक जोडण्याची सोय, म्हणून एका वेळी चार ट्रॅक, म्हणजे चार माइकांचे आवाज वेगवेगळे. आणि सगळा आवाज मेमरी कार्डावर फाइलच्या रूपात. ध्वनिमुद्रण झाले की ती फाइल मिनिटभरात संगणकात येई. सेलही गावच्या किराणा दुकानात मिळणारे साधे पेन्सिल सेल. हा शेवटचा गुण कागदावर क्षुल्लक दिसतो, पण डोंगरातल्या वाडीवर वीज गेलेली असताना चार्जर शोधण्याची वेळ आली नाही म्हणजे त्याची किंमत कळते.

या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा मात्र माहितीपत्रकात कुठेच लिहिलेला नसतो. यात फिरणारा भाग नाही, त्यामुळे ते स्वतः कसलाही आवाज करत नाही, आणि ते लहान असल्यामुळे समोरच्या माणसाच्या लवकरच विस्मरणात जाते. मोठा माइक, त्याचा उंच स्टँड, वायरी आणि कानाला हेडफोन लावलेला परका माणूस समोर आला की सत्तरी ओलांडलेल्या आजी आधी पदर सावरतात, मग शाळेत कविता म्हणावी तशी ओवी म्हणतात. ध्वनिमुद्रक घडी केलेल्या चादरीवर ठेवून त्यांच्या बाजूला बसले, चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा निघाल्या, की मग त्या खऱ्या गळ्याने गातात, मधेच थांबून ही ओवी कोणाची, कोणत्या सणाची ते सांगतात आणि जात्याची घरघर सुरांच्या खाली आपोआप उमटत राहते. असा आवाज स्टुडिओत मिळत नाही.

तरीही जे यंत्र पडवीत उत्तम चालते तेच सभागृहात फसते, आणि नवा घेणारा बहुधा इथेच चकतो. वरचे माइक कितीही चांगले असले तरी अंतराचा नियम त्यांना चुकत नाही. मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते, तर पंख्याचा घरघराट आणि भिंतींवरून परतणारा घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे पाचव्या रांगेत ठेवलेल्या ध्वनिमुद्रकात वक्त्यापेक्षा सभागृहच जास्त ऐकू येते. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची मात्रा, वाढवून हा दोष जात नाही, कारण गेनबरोबर पंखाही वाढतो. व्याख्यानाला आम्ही म्हणूनच वक्त्याच्या कॉलरला वेगळा माइक लावतो किंवा ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून सरळ वायर घेतो. मिक्सरच्या वायरीतही एक खोच आहे: तिथून येणारी लाइन पातळी माइकच्या पातळीपेक्षा कितीतरी जोरदार असते आणि स्वस्त ध्वनिमुद्रकांच्या माइक-इनपुटमध्ये ती सरळ घातली तर गेन शून्यावर आणूनही आवाज फाटतो. मधे पातळी उतरवणारा पॅड लावावा लागतो, आणि तो आमच्या पेटीत कायम असतो.

दुसरी उणीव हळू आवाजाची. त्या पिढीतल्या लहान ध्वनिमुद्रकांचे प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग, फारसे शांत नव्हते. तंबोऱ्याची धून किंवा रात्री दोन वाजताचे रातकिडे टिपायला गेन वर नेला की खाली एक बारीक सूंसूं पसरे, आणि ती नंतर संगणकावर पुसली तर तिच्याबरोबर आवाजातला जीवही थोडा पुसला जाई. यंत्र 24 बिटचे आहे असे खोक्यावर लिहिलेले असते, पण 24 बिटच्या 144 डेसिबल आवाक्याला, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराला, काही अर्थ यायचा तर मुळात प्रीअँप तेवढा शांत हवा. खोक्यावरच्या आकड्यांवरून ध्वनिमुद्रक निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या अगदी उलट अडचण वारीत येते. दिंडीत टाळांचा पहिला ठोका एवढा तीव्र आणि क्षणिक असतो की भजनाच्या मानाने लावलेली पातळी त्या क्षणी ओलांडली जाते, आणि पातळी टाळांच्या मानाने लावावी तर विणेकऱ्याचा शब्द तळाला जातो. लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरचा आवाज आपोआप दाबणारी सोय, चालू केला तर प्रत्येक ठोक्यागणिक भजन दबते आणि पुन्हा उसळते, जे कानाला अजिबात सोसत नाही. 2022 साली झूमचा एफ-थ्री हा 32 बिट फ्लोट पद्धतीचा दोन ट्रॅकचा ध्वनिमुद्रक आला, त्याने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. त्यात गेनचे बटणच नाही; फार हळू आणि फार मोठा, दोन्ही आवाज एकाच फाइलमध्ये शाबूत राहतात आणि पातळी नंतर टेबलावर बसून लावता येते. चालत्या दिंडीत, पावसात, एका हातात छत्री असताना ही मोठीच सुटका आहे. तथापि या पद्धतीविषयी जी जादूची भाषा बोलली जाते ती खरी नाही. माइकची स्वतःची मर्यादा ओलांडली गेली किंवा आवाज आधीच मिक्सरमध्ये फाटलेला असला, तर फ्लोट फाइल तो फाटलेलाच आवाज इमानाने जपते. वाऱ्यालाही तिच्याजवळ उत्तर नाही. माइकवर केसाळ टोपी हवीच, मग ती कितीही हास्यास्पद दिसो.

नाटकाच्या आणि चित्रीकरणाच्या कामांत अशा लहान ध्वनिमुद्रकांची आणखी एक मर्यादा उघड होते. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक दोघांची घड्याळे स्वतंत्र असतात. त्यांच्यात दहा लाखांत दहा भाग एवढाच फरक असला तरी तासाला 36 मिलिसेकंद होतात, आणि सेकंदाला 25 चौकटींच्या चित्रात एक चौकट 40 मिलिसेकंदांची असते. तीन तासांच्या संगीत नाटकाच्या शेवटी आवाज ओठांपासून जवळपास तीन चौकटी सरकलेला असतो, आणि भैरवीच्या वेळी तो बरोबर डोळ्यांना खुपतो. टाळी वाजवून सुरुवात जुळवता येते, सरकणे थांबवता येत नाही. त्यासाठी दोन्ही घड्याळे एकमेकांशी सतत बांधून ठेवणारी यंत्रणा लागते, ती वेगळ्या किमतीच्या यंत्रांत असते. आम्ही अंकागणिक नवी फाइल सुरू करून आणि संकलनात ताणून-आखडून भागवतो, पण चित्रपटाची कामे घेत नाही.

सेलचे आणि कार्डाचे नियम सांगायला रूक्ष, पण टाळण्यासारखे नाहीत. एच-फोर-एनच्या दोन सेलवर साधारण सहा तास निघत, पण बाहेरच्या माइकला त्याच्या वायरीतूनच वीज देणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर सुरू केली की तो हिशेब कोलमडे. रिचार्जेबल सेल 1.5 नव्हे तर 1.2 व्होल्टचे असतात. मेनूमध्ये सेलचा प्रकार नीट निवडला नाही तर उरलेल्या बॅटरीचे चिन्ह खोटे बोलते. आणि ध्वनिमुद्रण चालू असताना वीज तुटली तर फाइल नीट बंद होत नाही, आवाज कार्डावर असूनही ती उघडत नाही. मोठ्या कार्यक्रमाला आम्ही यूएसबीवरून पॉवर बँक लावतो, सेल आत ठेवूनच. शिवाय भाषणाच्या दोन ट्रॅकलाही 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या दर्जावर तासाला सुमारे एक जीबी लागतो, म्हणजे सप्ताहभराच्या कीर्तनांच्या दोन-दोन प्रती ठेवायच्या तर जागेचा विचार आधीच करावा लागतो.

गेल्या काही वर्षांत धंद्याला खरा धक्का मोबाइलने दिला. फोनमध्ये रेकॉर्डिंग फुकट होते, मग तुम्हाला कशाला बोलवायचे, असे आयोजक तोंडावर विचारतात. नातवाला आजीचा आवाज ऐकायचा असेल तर फोन पुरेसा आहे, तेव्हा मी वाद घालत नाही. पण फोनवर मधेच कॉल येतो, फोन आपल्या मर्जीने पातळी वरखाली करतो, आणि त्याला तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीचा साधा माइक सरळ जोडता येत नाही. त्यातच जागेवरचे काम जितके सोपे झाले तितके टेबलावरचे वाढले, हे आयोजकांच्या लक्षात येत नाही: फाइलला नाव, तारीख, गाव आणि गाणाऱ्याचे नाव देणे, अनावश्यक भाग काढणे, पातळी सारखी करणे, दोन वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवणे. नाव नसलेल्या पाचशे फाइल घेऊन येणारी मंडळे आता आमची नियमित गिऱ्हाइके झाली आहेत.

म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही दरपत्रकाचे दोन भाग केले आहेत. पहिला जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा. त्यात मूळ फाइल आणि कोणत्या मिनिटाला काय आहे याची हाताने लिहिलेली यादी मिळते. दुसरा टेबलावरच्या कामाचा, तो तासांवर. पुष्कळ मंडळे पहिलाच भाग घेतात आणि यादीवरून बाकीचे काम स्वतः करतात. त्याला आमची काही हरकत नाही, फक्त कार्ड पुसण्याआधी फाइल उघडून शेवटपर्यंत ऐका, एवढे आम्ही पावतीवर छापून घेतले आहे.