टाका म्हटलंय, ठेवा नाही

मे महिन्यात आमच्याकडे पहाटे साडेपाचला नळ येतो आणि नेमकी तीच माझी प्रार्थनेची वेळ. एका हातात पाइप, समोर कूलरची टाकी, ओठांवर 'प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती देतो.' आमेन म्हणेपर्यंत टाकी भरून पाणी गॅलरीभर झालेलं असतं. मग दिवस पुन्हा माझ्या हाती, सोबत पोतेरंही. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाचा अर्धा विश्वास देवावर आणि अर्धा खसच्या ताटीवर असतो, हे पाळकसाहेबांनाही ठाऊक असावं.

आई चुलीपुढे बसूनच प्रार्थना करायची. डोळे मिटलेले, पण भाकर उलटायची वेळ झाली की बरोबर उघडायचे. मी हसलो की म्हणायची, "रोजची भाकर मागतो न आपण त्याले? मंग करपवाची काहून?"

संडेस्कूलात बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं एक वचन पाठ केलं होतं : 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.' चिंता आपली, काळजी त्याची. मराठीत ही वाटणी किती नेटकी झालीय! पण माझं घोडं अडतं ते 'टाका'पाशी. मुळातलं ग्रीक क्रियापद नव्या करारात दोनदाच येतं. दुसरी जागा लूकच्या शुभवर्तमानात, यरुशलेमेच्या वाटेवर शिष्य शिंगरावर आपली वस्त्रं टाकतात तिथली. अंगावरून काढलं, टाकलं, पुढे चालू लागले. मी मात्र चिंता टाकत नाही, गहाण ठेवतो. सकाळी ठेवली की संध्याकाळी सोडवून आणतो, वर व्याजही भरतो.

रेव्हरंड टिळक, म्हणजे पुढे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, तेव्हा गाडीत एका अनोळखी साहेबानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पण बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईत. मधल्या काळात वाचन, वाद, घालमेल. त्यांनी तर अख्खा जन्म दिला, मला एक मंगळवार देता येत नाही.

परवाचीच गोष्ट. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, रात्री फोन उचलेना. आम्ही दोघांनी हात जोडले, त्याचं नाव घेऊन त्याला प्रभूच्या हाती सोपवलं. आमेन झालं आणि माझा अंगठा परत त्याच्या नंबरावर.

"आत्ताच दिलं न पोराले त्याच्या हाती?" बायको म्हणाली. "मंग फोन काहून लावता?"

उत्तर नव्हतं. उठलो, फोन फ्रिजवर ठेवला आणि कूलरपुढे येऊन पडलो. फ्रिज तसा हातभरच लांब आहे.