मोहफुलाच्या सिरक्याला ओकारीचा वास

गोंदिया जिल्ह्यात देवरीकडच्या एका गावात बायांचा बचत गट मोहफुलाचा सिरका बनवतो, सिरका म्हणजे आपलं व्हिनेगर. मी फूड टेक्नॉलॉजीवाली, अशा लहान युनिटांचं क्वालिटीचं काम बघते. एप्रिलमधे एक दिवस सकाळी सकाळीच गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन, "ताई, ड्रमातून भल्ला वास येऊन रायला जी, खोलीत उभं राहवत नाई, तुमी आजच्या आज या." आणि दुसऱ्या दिवशी नागपूरचा व्यापारी सॅम्पल न्यायला येणार होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिरका दोन टप्प्यात होतो. आधी फुलातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल बनतं, मग त्याला हवा मिळाली की अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया अल्कोहोलचं आंबट अ‍ॅसिड करतात. पहिला टप्पा म्हणजे डिट्टो तेच जे पोलीस छाप्यात 'मोहसडवा', म्हणजे दारूसाठी आंबवलेला मोह, म्हणून पकडतात. त्यामुळे बिघाडही तेच आणि वासही तेच, फक्त पुढे दारूवाले ते भट्टीवर चढवतात आणि आपण चढवत नाही.

पोचले तर दारातच गावातला एक माणूस उभा. "फेकता कायले, मले द्या ना, उकळलं की वास उडून जाते." हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय आणि हे साफ चूक आहे. वास येतो म्हणजे ती वस्तू उडणारीच असते ना, मग ती वाफेबरोबर वर चढणारच. नेलपॉलिशसारखा वास देणारं इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंशाला उकळतं आणि अल्कोहोल ७८ ला, मग ते मागे कसं राहणार? सडलेल्या मालातून गाळलेल्यात सडलेला वास येतोच, उलट थोड्या पाण्यात जास्त गोळा होतो. आणि परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आपल्याकडे, गटाच्या बायांना त्यात कशाला ओढायचं. त्याला तसंच सांगितलं, गेला बिचारा.

आत टिनाचं छप्पर, बाहेर बेचाळीस, आत त्याहून जास्त वाटत होतं. सगळ्या ड्रमांचा वास एकात एक मिसळलेला, म्हणून बायांना वाटत होतं की सगळंच गेलं आणि सगळंच फेकायचं. मी म्हटलं थांबा, आधी एकेक ड्रम बाहेर सावलीत काढा आणि प्रत्येकाचं झाकण वेगळं उघडून वेगळा वास घ्या. खराब वास म्हणजे एकच रोग नसतो, आधी वास कशाचा ते ओळखायचं आणि मगच हात लावायचा.

भिंतीकडच्या ड्रमांना सडक्या अंड्याचा वास होता. हा हायड्रोजन सल्फाइड. यीस्टला खायला साखर भरपूर पण नायट्रोजन कमी, वर एवढी गरमी, की ते असा गॅस सोडतं. पस्तीसच्या वर बहुतेक यीस्टचे हाल सुरू होतात. हे वाचवता येतं. बेकरीचं थोडं यीस्ट पाण्यात उकळून मारलं आणि ते खाद्य म्हणून टाकलं, माल या बादलीतून त्या बादलीत ओतून हवा खेळवली, आणि ड्रमाभोवती ओले पोते गुंडाळले. एका ताईनं विचारलं नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकू का, हातभट्टीवाले टाकतात तसा. नाही! खाण्याच्या वस्तूत किराण्यातला नाहीतर खताच्या दुकानातला नवसागर नाही टाकायचा. तांब्याचं भांडंही बुडवायचं नाही, तांबं सल्फरला पकडतं हे खरं आहे पण आंबट मालात तेच तांबं विरघळून आपल्या पोटात येतं.

दाराजवळच्या एकाला नेलपॉलिशचा वास, तेच ते इथाइल अ‍ॅसिटेट. झाकण सैल, चिलटं आत, पहिला टप्पा संपायच्या आधीच हवा आणि जंगली यीस्ट घुसलेले. चिलटांच्या पायांनी अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया येतात हे विसरू नका. वरून बारीक कापड घट्ट बांधलं आणि तो ड्रम बाजूला ठेवून दिला, सिरक्यात हा वास थोडा चालतो, मुरला की कमीही होतो.

आणि मग मधले दोन ड्रम. झाकण उचललं आणि पोटात ढवळलंच. गटातली सगळ्यात म्हातारी आजी जवळ येऊन एकदाच हुंगली आणि म्हणाली, "पोरी, हा तं लेकरानं दूध ओकल्यावानी वास हाय." शंभर टक्के बरोबर. ब्युटिरिक अ‍ॅसिड. खवट तुपात असतं तेच. हा यीस्टचा उद्योग नाही, हा क्लॉस्ट्रिडियमचा, म्हणजे माती आणि शेणात राहणारे, हवा नको असलेले बॅक्टेरिया.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "असं कसं ताई, हेच फुलं तं आमी उकळले होते, जरा मळकट दिसले म्हणून." आणि मला तिथेच उत्तर सापडलं. उकळल्यानं यीस्ट मरतं, बाकीचे जंतू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्यांचं रूप, मरत नाहीत, उलट उष्णतेचा झटका बसला की ते जागे होतात. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळून ते रात्रभर तसंच कोमट ठेवलेलं, यीस्ट दुसऱ्या दिवशी टाकलेलं. त्या रात्रीत त्यांना अडवायला कोणीच नव्हतं. बायांनी जे केलं ते स्वच्छतेसाठीच केलं, कोणीही हेच केलं असतं.

पण मळकट फुलं आली कुठून? उरलेलं पोतं उघडलं. मोहाचं वाळलेलं फूल हातावर घेऊन बघा, मनुक्यासारखं दिसतं पण आतून पोकळ असतं. एक फूल नखानं उभं फाडलं तर आत पिवळट तंतूंच्या बुडाशी मातीचा कण चिकटलेला आणि त्याला हिरवट काळी शेणाची खपली. दुसरं फाडलं, तेच. असं फूल वरून कितीही धुतलं तरी आतलं निघत नाही.

मग बोलता बोलता सगळं बाहेर आलं. फूल पडायच्या दिवसात अवकाळी आला, जाळीवर वाळत घातलेले फुलं भिजले, म्हणून काही घरांनी ते उचलून शेणानं सारवलेल्या अंगणात पसरवले. आजी म्हणाली, "भिजलेलं फूल आमी पयले ढोराले घालत होतो, सडव्यात नाई टाकत होतो." बघा, आजीला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, माहीत नाही पण नियम माहीत आहे.

त्या दोन ड्रमांचं काहीच होण्यासारखं नव्हतं. ब्युटिरिक अ‍ॅसिड बनलं की ते काढता येत नाही, ना हवेनं, ना उकळून, ना दुसऱ्या चांगल्या मालात मिसळून. मिसळायचा मोह फार होतो, पण एक मग चांगल्या ड्रमात गेला की तोही गेला. बायांच्या पहाटेच्या अंधारात उठून वेचलेल्या फुलांचं ते पाणी, खड्ड्यात ओतताना माझाही जीव तुटला. नाल्यात ओतायचं नाही आणि गुरांच्या तोंडी लागू द्यायचं नाही, म्हणून लांब खड्डा, वरून राख आणि माती. सगळ्या ड्रमांत एकच मग फिरत होता, तो आधी बाजूला काढला आणि प्रत्येक ड्रमाला आपला आपला मग दिला.

पुढच्या मालासाठी एकच गोष्ट मी हट्टानं सांगितली. पाण्यात फूल टाकलं की पहिल्याच तासात आधीच्या चांगल्या सिरक्यातला थोडा सिरका टाकून पीएच साडेचारच्या खाली आणायचा, पट्टी बुडवून बघायचं, तिथे बहुतेक क्लॉस्ट्रिडियमचं डोकं वर निघत नाही आणि यीस्टला मात्र आरामात चालतं. आणि यीस्ट त्याच दिवशी टाकायचं, उद्यावर नाही. उकळलंच तर लवकर थंड करायचं, गंज पाण्याच्या टाक्यात ठेवून.

व्यापाऱ्याला अध्यक्षबाईंनी फोनवर सरळ सांगितलं की दोन ड्रम खराब झाले, बाकीचे दाखवतो. तो आला, आधीच्या मालातलं सॅम्पल घेऊन गेला.

आता गटात वाद वेगळाच चालू आहे. काही जणी म्हणतात अंगणात वाळवलेल्या फुलाला भाव कमी द्यायचा. मी त्याच्या विरोधात बोलले, कारण अंगणात तेच वाळवतात ज्यांच्याकडे जाळी नाही, आणि ज्यांच्याकडे जाळी नाही त्यांनाच भाव कमी मिळणार. माझं म्हणणं, पोत्यावर घराचं नाव आणि 'जाळी' की 'अंगण' एवढं लिहा, अंगणाचा माल सध्या ढोरांसाठी वेगळा ठेवा, आणि गटाच्या पैशातून पुढच्या मोसमाआधी त्या घरांना जाळ्या आणि वर टाकायला ताडपत्री घेऊन द्या. ठराव अजून झाला नाही, पुढच्या बैठकीत होईल म्हणतात.